नागपूर गप्प करण्याची कला

बपेऱ्यात लांबचं ऐकू येत नाही अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही. तक्रार असते ती जवळचं फार ऐकू येतं याची. कोणाच्या सपरीत काल कोण बसलं होतं, कोणाच्या पोराची सोयरीक सिहोऱ्यात मोडली, कोणी रात्रीतून दुसऱ्याच्या बांधीतलं पाणी आपल्या धानाकडे वळवलं, हे सगळं पानठेल्यावर विनाव्यत्यय मिळतं. गाव भंडारा जिल्ह्यातलं, राज्याच्या टोकाला. पलीकडे बावनथडी नदी आणि तिच्या पलीकडे बालाघाट जिल्हा, म्हणजे मध्य प्रदेश. आमचे मोबाइल खिशात बसल्या बसल्या नदी ओलांडून तिकडच्या टॉवरला चिकटतात आणि मालकाला पत्ताही लागत नाही. अशा गावात निवृत्त शिक्षकाने लांबचा रेडिओ ऐकायचा छंद धरावा, इथवर लोकांना मान्य होतं. त्यासाठी अंगणात बांबूचा चौकोन उभा करून रात्री तो फिरवत बसावं लागतं, हे कळल्यावर मात्र माझ्याविषयी आणखी माहिती मिळवणं गावाला गरजेचं वाटू लागलं.

त्या चौकोनाला लूप अँटेना म्हणतात. कृती पाककृतीइतकीच सोपी आहे. दोन बांबूंची फुली बांधायची, अशी की चौकोनाची बाजू मीटरभर भरेल. चारही टोकांना हॅक्सॉच्या पात्याने बारीक खाचा पाडायच्या आणि त्या खाचांतून तांब्याच्या वार्निश तारेचे आठ वेढे ओढून घ्यायचे. वेढा वेढ्याला चिकटू द्यायचा नाही. तारेची दोन्ही टोकं जुन्या रेडिओतून काढलेल्या ग्यांगला जोडायची, म्हणजे रेडिओची खुंटी फिरवली की आत ज्या अर्धगोल चकत्या एकमेकींत शिरतात त्या कंडेन्सरला. संपलं. यात बॅटरी नाही, दिवा नाही, आणि कमाल म्हणजे लूपची एकही तार रेडिओला जोडलेली नसते. रेडिओ नुसता चौकोनाजवळ स्टुलावर ठेवायचा. लूपमध्ये फिरणारा प्रवाह रेडिओच्या पोटातल्या काळ्या फेराइट कांडीला आपोआप कळतो. सारं गाव नाना तारांनी जोडलेलं असल्यामुळे हे कोणाला पटत नाही. आलेला प्रत्येक माणूस आधी वाकून जोडणी कुठे लपवली आहे ते शोधतो.

तार आणायला तुमसरला गेलो. रेडिओचं सामान विकणारी दुकानं आता मोबाइलची कव्हरं विकतात, तेव्हा बोअरच्या जळलेल्या मोटरी पुन्हा बांधून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडेच जावं लागलं. पाय ठेवायला जागा नाही इतक्या मोटरी पोट उघडून पडल्या होत्या.

"किती एचपीची हाये जी?" त्याने मान वर न करता विचारलं.

"मोटर नाही. रेडिओ आहे."

"जळला का?"

"जळला नाही. त्याला लांबचं ऐकू यायला पाहिजे."

आता त्याने मान वर केली, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि आवाज चढवून, एकेक शब्द तोडत, तुमसरात कानाचा डॉक्टर कोणत्या गल्लीत बसतो ते सांगितलं. लूपला तार लागते बत्तीस मीटर आणि बावीस गेजच्या तारेत त्याचं वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या पलीकडे जात नाही. त्याच्याकडे पाव किलोच्या खाली तोडायची पद्धत नव्हती. उरलेलं तांबं घरी पाहून मंडळींनी हिशेब मांडला की आणखी थोडे पैसे घातले असते तर गुंड आला असता, आणि गुंडात निदान पाणी तरी भरता येतं.

आता खरी गोष्ट. लूपची महती लोक सांगतात ती ऐकण्यावरून. माझ्या मते त्याची सगळी कला न ऐकण्यात आहे. लाट चौकोनाच्या कडेकडून आली तर तिच्या समोरची उभी बाजू आणि मागची उभी बाजू यांना ती किंचित वेगवेगळ्या क्षणी भेटते. त्या किंचित फरकावरच लूपची उपजीविका चालते. लाट चौकोनाच्या तोंडावर सरळ आली तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागते, फरक उरत नाही आणि ते केंद्र नाहीसं होतं. अगदी हळूहळू फिरवत नेलं की एक जागा अशी येते की तिथे दणदणणारं केंद्र विहिरीत पडल्यासारखं खाली जातं. दोन बोटं इकडे किंवा तिकडे, की पुन्हा वर.

आमच्याकडे गप्प बसवण्यासारखं केंद्र एकच, नागपूर. १६ जुलै १९४८ ला सुरू झालेलं, मिडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झ, ट्रान्समीटर ३०० किलोवॉटचा. बपेऱ्यापासून नैर्ऋत्येला, कावळा उडत गेला तर शंभर किलोमीटरच्या आत. इतक्या जवळून इतकं मोठं केंद्र बोलत असताना त्याच्या आसपास कोणाची बोलायची हिंमत होत नाही. लूपने पहिल्यांदा मला हे शिकवलं की नागपूरकडे तोंड केलं तर नागपूर गप्प होतं. नागपूरकडे पाठ केली तरी गप्पच होतं. नागपूरने काही बोलावं अशी अपेक्षा असेल तर त्याला नुसती कड दाखवून तिरकं उभं राहावं लागतं. हिवाळी अधिवेशनात कामाचा कागद घेऊन जे कोणी भंडारा जिल्ह्यातून नागपूरला गेले आहेत, त्यांना हे पदार्थविज्ञान वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

घोटाळा पुढे झाला. रेडिओ पाकिस्तानचं इस्लामाबाद केंद्रही ५८५ वरच, आणि ते तर १००० किलोवॉटचं. बपेऱ्याहून नागपूर नैर्ऋत्येला आणि इस्लामाबाद वायव्येच्या जरा वर. दोन्ही दिशांमध्ये जवळजवळ काटकोन पडतो. म्हणजे नागपूर ज्या स्थितीत पूर्ण झाकलं जातं, नेमक्या त्याच स्थितीत लूपची कड इस्लामाबादकडे वळलेली असते. भूमितीत असा योग मी आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवला, पण अंगणात प्रथमच पाहिला. थंडीतल्या एका रात्री नागपूर तळाला गेलं आणि खालून उर्दू बातम्या वर आल्या. शेजारचा पोरगा बाजूलाच उभा होता. सकाळी पानठेल्यावर बातमी तयार होती, "गुरुजी नागपूर बंद करतेत आन् पाकिस्तान लावतेत जी."

पोलीसपाटील आले. सपरीत बसले, चहा घेतला, धानाच्या भावाविषयी बोलले, आणि मग चौकोनाकडे न पाहता म्हणाले, "ते का होय जी?"

मी त्यांना सांगितलं की हे यंत्र पोलिसांच्याच कामाचं आहे. दिशा शोधायला लूपइतका चांगला साक्षीदार नाही. ज्या स्थितीत केंद्र गप्प होतं, त्या स्थितीत ते चौकोनाच्या तोंडासमोर किंवा पाठीमागे असतं. दोन वेगळ्या ठिकाणांहून अशी रेघ काढा, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ट्रान्समीटर. १९४२ मध्ये मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू झाला तेव्हा इंग्रजांचे पोलीस दिशाशोधक यंत्रं गाडीत घालून असेच फिरत होते. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण झालं, ४२.३४ मीटरवर, आणि निवेदनात पत्ता इतकाच की हिंदुस्थानात कुठून तरी. तो चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. त्या आणि त्यांचे सहकारी ट्रान्समीटर उचलून आज चौपाटी, उद्या लॅबर्नम रोड, मग सँडहर्स्ट रोड, गिरगाव असे बिऱ्हाड बदलत राहिले. गाड्या मागावर असूनही १२ नोव्हेंबरपर्यंत हाती लागले नाहीत, आणि लागले ते आतल्याच एका तंत्रज्ञाने ठिकाण सांगितलं म्हणून.

पोलीसपाटलांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे मशीन किती बी आना, खबऱ्याबिगर काम होत नाई," असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि समाधानाने उठले. त्यांच्या खात्याची अब्रू राहिली होती.

घरच्या केंद्राला वैतागून परक्या केंद्राकडे कान लावायची परंपरा आपल्या देशात माझ्या चौकोनापेक्षा जुनी आहे, आणि तिचं श्रेय एका पुणेकराकडे जातं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि १९५२ मध्ये आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकून सुधारावं ही त्यांची इच्छा. लोक सुधारले असते तर नवल होतं. त्यांनी काटा सरकवला आणि सारा देश कोलंबोला जाऊन बसला. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती, दर बुधवारी रात्री. पाच वर्षं हा प्रकार पाहून सरकारने ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढली. तोवर सातासमुद्रापलीकडचं नाही तरी एका समुद्रापलीकडचं ऐकायची सवय लागली ती लागलीच. आमच्या वडिलांच्या रेडिओत शॉर्ट वेव्हवर कोलंबोच्या जागी काचेवर नखाने एक रेघ ओढलेली होती. टपाल खात्याचा रेडिओचा परवाना घरात देवाच्या पोथ्यांसोबत असे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन त्यावर तिकीट लावून घ्यावं लागे. ते परवाने ऐंशीच्या दशकात गेले. माझ्या ग्यांगच्या चकत्या त्याच रेडिओच्या.

शॉर्ट वेव्हचे दिवसही गेले. बीबीसीची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० ला रेडिओवरून उठली. मी मिडियम वेव्हकडे वळलो, तो तिथे एक गंमत सापडली, जी गणिताच्या मास्तरालाच सापडावी. नागपूर ५८५, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८, पुणे ७९२, जळगाव ९६३, जबलपूर ८०१, रायपूर ९८१. यांपैकी कुठल्याही आकड्याच्या अंकांची बेरीज करा, नऊ नाहीतर अठरा येते. ढाक्याचं ६९३ घ्या, राजकोटचं १०७१ घ्या, श्रीलंकेतल्या पुट्टलमचं ८८२ घ्या, तेच. कारण नोव्हेंबर १९७८ पासून युरोप, आफ्रिका, आशिया यांची मिडियम वेव्हची केंद्रं नऊच्या पाढ्यात बसवलेली आहेत. दोन केंद्रांत किमान नऊ किलोहर्ट्झ, आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीला नऊने पूर्ण भाग जाणार. भारत आणि पाकिस्तान, इराण आणि अरब, कोरिया आणि जपान यांचं ज्या एका गोष्टीवर एकमत आहे ती गोष्ट म्हणजे नऊचा पाढा. अमेरिकेने इथेही वेगळी चूल मांडली आहे. त्यांचा पाढा दहाचा. दहाचा पाढा काय, पहिलीतलं पोरगंही म्हणतं.

ऐकण्याची वेळ सूर्यास्तानंतरची. दिवसा सूर्य डोक्यावर असताना जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर सूर्याच्या किरणांमुळे विद्युत्भारित होतो, तो वर जाणाऱ्या मिडियम वेव्हच्या लाटा खाऊन टाकतो. म्हणून दिवसा फक्त नागपूर. सूर्य गेला की हा खादाड थर काही मिनिटांत विरतो, त्याच्या वरचे थर रात्रभर टिकतात आणि लाटा त्यांच्यावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. अंधार पूर्वेकडून येत असल्यामुळे आधी पूर्वेचे पाहुणे. इकडे गायी घरी येत असतात तेव्हा ढाका हजर होतं, त्याचा ट्रान्समीटरही १००० किलोवॉटचा. त्याच वजनाचं हुगळीकाठच्या चिनसुऱ्याचं आपलं केंद्र ५९४ वर बांगलादेशाला बंगाली ऐकवतं, आणि ते नागपूरच्या अगदी शेजारच्या खणात असल्यामुळे नागपूर झाकल्याशिवाय त्याची ओळख पटत नाही. जेवणं झाल्यावर दक्षिणेकडून पुट्टलम. सारं गाव झोपल्यावर पश्चिम उघडते, आखात आणि इराण. तेव्हा मात्र प्रत्येक केंद्र आवाज वर-खाली करत बोलतं. मोक्याच्या क्षणी, नेमकं स्वतःचं नाव सांगताना, बुडतं. ही खोड जगातल्या सगळ्या केंद्रांना आहे.

१५६६ किलोहर्ट्झची कथा वेगळी सांगायला हवी. नागपूरजवळ बुटीबोरीला आकाशवाणीचा १००० किलोवॉटचा ट्रान्समीटर होता. १९८८ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय वाहिनी रात्रभर तिथून सगळ्या देशाला ऐकू जायची, आणि भंडारा जिल्ह्यात ती देशाच्या वाट्याचीही ऐकू यायची. ती वाहिनी पुढे बंद झाली. मिडियम वेव्हचे कितीतरी जुने ट्रान्समीटर देशभर असेच थंडावले, काही डिजिटल झाले. डिजिटलमध्ये आवाज स्वच्छ येतो म्हणतात. येत असेल. साध्या रेडिओवर तो निव्वळ पाऊस पडतो. हळहळणाऱ्यांत मीही आहे, पण छंदी माणसाची हळहळ दुटप्पी असते. बुटीबोरी थांबलं म्हणून १५६६ वर दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरचं केंद्र डोकं वर काढू शकतं, २५० किलोवॉटचं, जपानी आणि चिनी बोलणारं. मला एक अक्षर कळत नाही. शेजारचा पोरगा मोबाइलवर बोट फिरवून तेच केंद्र काचेसारखं स्वच्छ लावून दाखवतो आणि मी काय करतो आहे हे त्याला समजत नाही. मी त्याला म्हणालो, "तू मागवलंस. माझ्याकडे ते चालत आलं." त्याने उत्तर दिलं, "पर थकून आलं जी."

ऐकलेलं केंद्राला कळवायची जुनी रीत आहे. तारीख, जागतिक प्रमाणवेळ, फ्रिक्वेन्सी आणि काय ऐकलं हे लिहून पाठवायचं, पटलं तर केंद्र छापील कार्ड धाडतं. ऐकण्याचा दर्जा पाच आकड्यांत मांडतात. पहिला आकडा आवाजाच्या ताकदीचा, दुसरा शेजारच्या केंद्राच्या घुसखोरीचा, तिसरा खरखरीचा, चौथा बुडण्या-तरंगण्याचा आणि पाचवा एकंदर अर्थबोधाचा. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे रामराम. ही पद्धत एकदा अंगात भिनली की उतरत नाही. परवाच्या ग्रामसभेला मी वहीत नोंद केली: ताकद ५, घुसखोरी १, खरखर १, चढउतार ३, अर्थबोध १. थोरल्या मुलीचा पुण्याहून येणारा फोन रविवारी ४-४-३-४-४, नातू मध्ये बोलला की दुसरा आकडा एकवर. मंडळी आतल्या खोलीतून काही सांगतात त्याची नोंद मी वहीत करत नाही.

लूपचा शत्रू वीज. आकाशातली आणि तारेतली, दोन्ही. मृगाच्या आधी दुपारनंतर ढग जमले की मिडियम वेव्हवर फुटाणे फुटतात, तेव्हा लूप उतरवून ठेवणंच शहाणपणाचं. तारेतल्या विजेचं दुखणं बारमाही आहे. पूर्वीचा पिवळा बल्ब बिचारा नुसता तापायचा. आताचे एलईडी, मोबाइलचे चार्जर, डिशचे डबे, सगळ्यांच्या पोटात एक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि ती उघडझाप मिडियम वेव्हवर सगळीकडे भुणभुणते. खोडदला, नारायणगावाजवळ, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या लावून कमी वारंवारितेवर आकाश ऐकणारी प्रचंड दुर्बीण आहे. ती जागा निवडताना माणसांचा रेडिओ-गोंगाट तिथे कमी आहे हेही पाहिलं होतं. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली लाट ऐकणाऱ्यांना जर शेजाऱ्याच्या गोंगाटाची काळजी करावी लागते, तर मी कोण.

म्हणून लाइन गेली की सगळं गाव एका सुरात जे म्हणतं ते मी म्हणत नाही. अंधार पडतो, पंखे थांबतात, लेकरं ओरडतात, आणि माझ्या रेडिओत जणू कोणी दार लावून घेतल्यासारखी शांतता होते. सेलवर चालणारा रेडिओ आणि तोंड नैर्ऋत्येला केलेला चौकोन घेऊन मी अंगणात बसलेलो असतो, चेहऱ्यावरचा आनंद लपवता येत नाही, आणि नेमका तेव्हाच कोणी बॅटरी चमकवत विचारायला येतो की तुमच्याकडेही गेली का. माणूस लूपजवळ आला की शरीरामुळे ग्यांगचं जुळलेलं बिनसतं आणि केंद्र निसटतं. ते त्याला सांगावं तर तो मागे सरकतो, केंद्र परत येतं, आणि त्याला वाटतं आपण काहीतरी अपशकुनी केलं. काही जण तेव्हापासून रस्ता ओलांडून पलीकडून जातात. तेही सोयीचंच पडलं.

बाकीचे गुप्तधनाविषयी बोलू लागले. मग उन्हाळ्यात एक जण भल्या सकाळी नारळ घेऊन दारात उभा. "गुरुजी, तुमी रातच्याला ते फिरवता, कोठंतरी जाऊन थांबते म्हनतेत. माह्या वावरात बोर मारायची हाये. एकडाव येऊन सांगा ना जी." मी समजावलं की हे पाण्याचं नाही, रेडिओचं आहे. त्याने समजूतदारपणे मान हलवली, म्हणजे दक्षिणा वाढवून हवी असं तो समजला. नारळ मंडळींनी ठेवून घेतला. लूपच्या खालच्या दोन वेढ्यांवर त्या तोवर वाळवणाचं फडकं टाकायला लागल्या होत्या, आणि ओल्या फडक्याने लूप पुट्टलमवरून वीस किलोहर्ट्झ घसरतो हे माझं म्हणणं त्यांनी कधीच ऐकून घेतलं नाही.

मिडियम वेव्हच्या खाली उतरायचा मोह टाळायला हवा होता, पण हातात उरलेलं तांबं होतं. लाँग वेव्हवर आपल्या देशात केंद्रच नाही, आपल्याकडच्या रेडिओत तो बँडही नसतो. भाच्याने चिनी रेडिओ मागवून दिला, वेढे वाढवले, आणि मंगोलियाच्या १६४ किलोहर्ट्झसाठी ईशान्येच्या बाजूला कड करून बसलो. १६४ ला नऊने भाग जात नाही, तेव्हाच मन साशंक झालं होतं. जे ऐकू आलं ते मंगोलियन होतं की शेजारच्या घरातला डिशचा डबा, यावर मी मत देणार नाही.

त्याहून खाली मात्र खजिना आहे. मोठा लूप, शंभरावर वेढे, त्याची टोकं सरळ लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत. रेडिओसुद्धा लागत नाही, कारण इतक्या कमी वारंवारितेला साउंड कार्डच रेडिओ होतं. पडद्यावर १८.२ किलोहर्ट्झला एक उभी रेघ दिसते. ती तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या विजयनारायणम इथल्या आयएनएस कट्टबोम्मन या नौदलाच्या तळाची, १९९० पासूनची. जरा पुढे १९.८ ला दुसरी रेघ, ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ वेस्ट केपची. दोन्ही पाण्याखालच्या पाणबुड्यांशी बोलतात, कारण इतकी लांब लाट समुद्रात थोडी तरी खोल शिरते. १८.२ ची एक लाट साडेसोळा किलोमीटरची. बपेऱ्यात तिचं डोकं असेल तर शेपूट सिहोऱ्याच्या पुढे तुमसरच्या रस्त्यावर. सूर्यावर उद्रेक झाला की या रेघा दिवसा अचानक उसळी घेतात आणि नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले शास्त्रज्ञ अशाच लाटांवर वातावरणातल्या विद्युत्भारित थरांची नाडी पाहतात. मी हे सगळं उत्साहाने मंडळींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून रेघ पाहिली. "आयकता का जी, का म्हनते ते?" मी म्हणालो, गुप्त संदेश असतो, आपल्याला कळत नाही. "मंग तुमाले सांगून कामाचं बी नाई," म्हणत त्या उठल्या.

एवढं सगळं जमलं आणि गेल्या खरिपात टक सुरू झाली. टक, टक, टक. सेकंदाला एक, सगळ्या बँडवर, लाइन असो वा नसो. लूप हातात घेऊन मी दिशा काढली, पांदणीवरून पुन्हा काढली, आणि रेघा एका धानाच्या बांधीत छेदल्या. तिथे सौर झटका मशीन. रानडुकरं धान लोळवतात म्हणून तारेच्या कुंपणात सेकंदा-सेकंदाला झटका सोडतात, आणि कुंपण म्हणजे एकरभर पसरलेली अँटेनाच. मालक माझा जुना विद्यार्थी. पाढ्यात कच्चा होता, व्यवहारात नव्हे.

"तासभर बंद ठेवशील का रे रात्री? नऊ ते दहा."

"ठेवतो जी. पर डुकरं आली तं?"

त्यावर तोडगा निघाला तो असा की नऊ ते दहा मशीन बंद राहील आणि त्या तासात धुऱ्यावर राखणीला मी बसेन. मला आक्षेप नव्हता. गावापासून दूर, एलईडी नाही, चार्जर नाही, पाहुणे नाहीत, मोकळं आभाळ. मचाणाखाली स्टूल, स्टुलावर रेडिओ, बाजूला चौकोन. कानाला हेडफोन लावून मी दक्षिणेचं कवाड हळूहळू उघडत होतो. पुट्टलम इतकं स्वच्छ कधीच आलं नव्हतं. खांद्यावर हात पडला तेव्हा दचकलो. विद्यार्थी काठी घेऊन उभा होता आणि पलीकडच्या बांधीत धान सळसळत होतं.

"गुरुजी, ते कानाचं काढा जी," तो म्हणाला. "भोंगा लावा. तुमी एकलेच आयकून रायले, डुकराले का आयकू येईल?"